‘वय झालंय, झेपणार नाही’ : एका वाक्याचा इतिहास

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने मोडलेल्या हाडांवर बोलावं, हे तुम्हाला विचित्र वाटेल. पण मला हाडाचा इतिहास सांगायचा नाहीये, एका वाक्याचा सांगायचा आहे. आणि वाक्यांचा हिशेब मागणं हा आमच्या धंद्याचाच भाग आहे. वाक्य तुमच्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. घरातलं म्हातारं माणूस मोरीत घसरतं, ओट्यावरून पडतं, नाहीतर उसाच्या ट्रॉलीला चुकवताना मोटरसायकलच्या मागच्या सीटवरून खाली येतं. खुबा मोडतो. आणि कोणीतरी म्हणतं, ‘वय झालंय, शुगर आहे, बीपी आहे. ऑपरेशन झेपणार नाही. घरीच ठेवा.’

हे वाक्य मी पहिल्यांदा नीट ऐकलं ते १९८३ साली, इथेच बेलापुरात. माझी आई तेव्हा त्र्याहत्तर वर्षांची होती. मधुमेह होता, रक्तदाब होता, पण सकाळी सडा घालणं, देवळात जाऊन येणं, नातवंडांच्या मागे ओरडत फिरणं सगळं चालू होतं. मोरीत पाय घसरला. आधी हाडवैद्य आले, त्यांनी बांबूच्या कामट्या बांधल्या. मग तालुक्याच्या गावी एक्स-रे निघाला आणि तिथल्या डॉक्टरांनी हे वाक्य उच्चारलं. पायाला दोरीने वीट लटकवायची आणि पडून राहायचं, एवढाच उपचार. आई सातव्या आठवड्यात गेली. खुब्याने नाही गेली. पाठीला जखमा झाल्या, छाती भरली, आणि गेली. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही, त्यांच्यापाशी जे होतं ते त्यांनी केलं. पण पुण्याला न्यायचं का, हा प्रश्न मी विचारला नव्हता. मी तेव्हा महाविद्यालयात ज्ञानमीमांसा शिकवत होतो! ‘हे तुम्हाला कशावरून कळलं?’ हा प्रश्न मी रोज वर्गात विचारायचो. त्या दिवशी तेवढा विचारला नाही.

तर हे वाक्य आलं कुठून?

आपल्याकडचा सगळ्यात जुना आणि गंभीर विचार सुश्रुतसंहितेत आहे. निदानस्थानाचा पंधरावा अध्याय आणि चिकित्सास्थानाचा तिसरा, असे दोन अध्याय त्यात हाडमोडीला दिले आहेत. हाड कुठल्या प्रकाराने मोडलं याची तपशीलवार वर्गवारी आहे, ती सोडून देऊ. मला जे महत्त्वाचं वाटतं ते असं की सुश्रुत हाडापाशी थांबत नाही, हाड कोणाचं मोडलं हे तो विचारतो. थोडं खाणारा, पथ्य न पाळणारा, वातप्रकृतीचा, अंगात दुसरे उपद्रव असलेला, अशा माणसाचं भग्न कष्टाने बरं होतं, असं तो म्हणतो. दुसऱ्या ठिकाणी कृश, वृद्ध आणि बालक यांच्या शेजारी क्षतक्षीण, कुष्ठी आणि श्वासाचा रोगी यांना बसवतो. यांची मोड कष्टसाध्य. आज डॉक्टर ज्याला ‘सहव्याधी’ म्हणतात त्याची यादीच आहे ही. आणि मग काळाचा हिशेब: तरुण वयात सांधा महिन्यात स्थिर होतो, मध्यम वयात दुप्पट काळाने, उतारवयात तिप्पट.

तिप्पट, हं. ‘होत नाही’ असं नाही म्हणत तो. वृद्धाचं हाड जुळतं, फक्त तीन महिने द्यावे लागतात. त्या तीन महिन्यांची तयारीही सांगितली आहे. मांडी किंवा नडगी मोडली तर फळीचा बिछाना, पाय हलू नये म्हणून पाच खुंट्या, सकाळी लाख घालून सिद्ध केलेलं दूध आणि तूप. पण त्याच सुश्रुताने कमरेचं कपालास्थी फुटलं असेल किंवा जघनाचा चुरा झाला असेल तर वैद्याने तो रुग्ण सोडून द्यावा, असंही स्पष्ट म्हटलं आहे. आजच्या खुब्याच्या मोडीशी हे वर्णन तंतोतंत जुळत नाही, पण शेजार तोच. आणि सोडून द्यावा म्हणण्यात क्रूरपणा नव्हता, प्रामाणिकपणा होता. भूल नाही, एक्स-रे नाही, आतून हाड धरून ठेवायला काही नाही. जे येत नाही ते येत नाही म्हणणारा वैद्य मला भोंदूपेक्षा बरा वाटतो. पुढच्या दीड-दोन हजार वर्षांत आपल्या लोकांनी यातलं ‘सोडून द्यावा’ तेवढं लक्षात ठेवलं आणि ‘तिप्पट काळ’ विसरले.

आता आपल्या जिल्ह्याशी संबंधित एक रुग्ण पाहू. नाव ऐकून काही जण भुवया उंचावतील. औरंगजेब. त्याच्याविषयी आपल्याला प्रेम वाटण्याचं कारण नाही. त्याच्या छावण्यांची किंमत याच मुलखाने मोजली आहे. पण जखमी म्हाताऱ्या माणसाची इतकी नोंदलेली हकिकत त्या काळातली दुसरी मिळणं कठीण.

१७०० साली सातारा आणि परळीचा सज्जनगड घेतल्यावर बादशहाची छावणी माण नदीकाठी खवासपूरला पडली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका रात्री नदीला अचानक लोंढा आला. छावणीत आरडाओरडा झाला. बादशहाला वाटलं मराठे आत घुसले. तो घाईने उठला, अडखळला आणि उजवा गुडघा निखळला. वय ब्याऐंशीव्या वर्षात. हकिमांना तो गुडघा नीट बसवता आला नाही. उरलेलं आयुष्य तो लंगडत राहिला, आणि दरबारातल्या खुशमस्कऱ्यांनी म्हटलं की हा तर थोर पूर्वज तैमूरलंगाचा वारसा. काय तोंड असतं पाहा लोकांचं! त्याच रात्री किती शिपाई आणि बाजारबुणगे त्या पाण्यात गेले, त्यांचे गुडघे कोणी मोजले नाहीत, ही गोष्टही ध्यानात ठेवू.

पुढे काय झालं ते पाहा. पन्हाळा १७०१, विशाळगड १७०२, सिंहगड १७०३, राजगड आणि तोरणा १७०४, वाकिनखेडा १७०५. गुडघा निकामी झालेला म्हातारा पाच वर्षं मोहिमा चालवत होता, पालखीतून. १७०५ मध्ये कृष्णाकाठी देवापूरला तो गंभीर आजारी पडला, सांधे दुखत होते, मधूनमधून शुद्ध हरपत होती, पण त्यातूनही उठला. जानेवारी १७०६ मध्ये नगरला पोहोचला आणि ३ मार्च १७०७ रोजी भिंगारच्या छावणीत वारला, ज्वराने. पडल्यापासून सहा वर्षांहून जास्त काळ तो जगला.

का जगला? गुडघा बसला म्हणून नाही, तो बसलाच नव्हता. खुबा मोडला असता तर कदाचित गोष्ट वेगळी झाली असती, हे मान्य. पण दोन गोष्टी मला दिसतात. एक म्हणजे त्याला कोणी खाटेवर टाकून ठेवलं नाही. उचलणारे होते, बसवणारे होते, खायला घालणारे होते, आणि रोज सकाळी उठायला (चांगलं की वाईट, तो प्रश्न वेगळा) काहीतरी काम होतं. दुसरी गोष्ट जास्त सूक्ष्म आहे. पडण्यापूर्वी हा माणूस कसा होता? याची साक्ष आपल्याकडे आहे. जेमेल्ली कारेरी नावाच्या इटालियन प्रवाशाने १६९५ मध्ये गलगल्याच्या छावणीत त्याला पाहिलं. ठेंगणा, नाक मोठं, वयाने वाकलेला, दाढी पांढरी, हातात काठी. पण अर्ज स्वतः वाचत होता, तेही चष्म्याशिवाय, आणि हसतमुखाने त्यावर शेरे मारत होता. म्हणजे वय शहात्तर, पाठ वाकलेली, पण माणूस चालता-बोलता. वय हा एक आकडा आणि ‘पडण्याच्या आदल्या दिवशीचा माणूस’ ही वेगळी गोष्ट. हा फरक हातात धरून ठेवा, पुढे लागणार आहे.

आता इथून जवळ, शिर्डीला जाऊ. १९१० सालच्या दिवाळीत साईबाबांनी धुनीत हात घातला आणि तो भाजला. का घातला याची कथा साईसच्चरितात आहे, भक्तांना ती ठाऊकच आहे. मी श्रद्धेच्या प्रदेशात शिरत नाही. मला रुग्णाची हकिकत हवी आहे. बाबांचं जन्मवर्ष नक्की माहीत नाही, पण माणूस उतारवयातला आणि जुना दमेकरी. १८८६ मध्ये दम्याचा मोठा झटका येऊन गेल्याचं त्याच चरित्रात आहे. नानासाहेब चांदोरकर मुंबईहून डॉ. परमानंद यांना औषधं, मलमपट्टीसह घेऊन आले. बाबांनी डॉक्टरांना हात दाखवला नाही. उपचार केले भागोजी शिंदे यांनी. भागोजी स्वतः महारोगी होते. रोज सकाळी पट्टी सोडायची, तूप लावून चोळायचं, पान ठेवून पुन्हा घट्ट बांधायचं. हात बरा झाल्यावरही हा क्रम १९१८ पर्यंत, म्हणजे बाबांच्या समाधीपर्यंत चालला.

ही गोष्ट मी का सांगतो? कारण इथे एका वृद्धाने मोठ्या शहरातल्या डॉक्टरला नकार दिला, आणि तो नकार त्याचा स्वतःचा होता. माझ्या आईच्या वेळी नकार आम्ही दिला. तिला कोणी विचारलंच नाही. ती शेजारच्या खोलीत पडली होती आणि आम्ही पडवीत बसून तिच्या शरीराचा निकाल लावत होतो. बाहेरून दोन्ही घटना सारख्याच दिसतात, डॉक्टरचा उपचार झाला नाही. पण नैतिक दृष्ट्या त्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. आणि दुसरं, भागोजींचे ते रोजचे हात. पुढे युरोपात जे ‘शास्त्र’ म्हणून उभं राहिलं त्याचा अर्धा भाग या रोजच्या हातांचाच होता.

युरोपातही वाक्य तेच होतं, बरं का. तिथे पहिला तडा दिला लंडनच्या अ‍ॅस्टली कूपर या सर्जनने, १८२२ मध्ये. सांध्यांच्या मोडींवरच्या ग्रंथात त्याने लिहिलं की म्हाताऱ्यांच्या मांडीच्या हाडाची मान सांध्याच्या आत मोडली तर ती हाडाने जुळत नाही. जुळेल म्हणून माणसाला महिनोन्‌महिने पाडून ठेवलं तर माणूसच जातो. तेव्हा थोडे दिवस विश्रांती देऊन कुबड्यांवर उभं करा. पाय आखूड राहील, पण माणूस राहील. हाड सोडलं आणि माणूस धरला. सुश्रुताने ज्या ठिकाणी रुग्ण सोडायला सांगितला होता, तिथे कूपरने फक्त हाड सोडलं. मला हा वैद्यकाच्या इतिहासातला फार मोठा विचार वाटतो, आणि त्याच्या हातात तेव्हा भूलसुद्धा नव्हती. ईथर यायला अजून चोवीस वर्षं होती.

साधनं नंतर भराभर आली. १८९५ मध्ये एक्स-रे. बोस्टनच्या स्मिथ-पीटरसनने तीन पाती असलेला खिळा १९२५ पासून वापरायला सुरुवात केली आणि १९३१ मध्ये तो जगापुढे मांडला. १९६२ मध्ये चार्नलीचा कृत्रिम खुबा. पण खिळा आला म्हणून वाक्य गेलं का? नाही गेलं. कारण सर्जन खिळा मारायचा आणि वॉर्डातून निघून जायचा. मधुमेह, हृदय, फुप्फुस, गोंधळलेलं मन, हे ‘दुसऱ्या खात्याचं’. दुसरं खातं म्हणायचं, हा तर हाडांचा रुग्ण. आपल्याकडच्या सरकारी कचेरीत फाइल फिरते ना, तसं माणूस फिरायचा.

ही फाइल ज्यांनी थांबवली त्यांत पहिलं नाव एका बाईचं आहे. डॉ. मार्जरी वॉरेन. १९३५ मध्ये लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाने शेजारचं गरिबांचं जुनं आश्रयगृह ताब्यात घेतलं. सातशेहून जास्त माणसं, बहुतेक म्हातारी, वर्षानुवर्षं खाटेला खिळलेली. वॉरेनबाईंनी एकच गोष्ट केली. प्रत्येकाला तपासलं! हा का झोपलाय? कोणी कधी विचारलंच नव्हतं. कोणाचं जुनं हाड, कोणाचा अर्धांगवायू, कोणी नुसता उठायचं विसरलेला. कितीतरी जण उभे राहिले, काही घरी गेले. वृद्धांचं वैद्यक ही शाखा ब्रिटनमध्ये तिथून सुरू झाली. पुढे १९६०च्या सुमारास इंग्लंडच्या हेस्टिंग्ज गावी मायकेल डेव्हस हे अस्थिशल्यविशारद आणि बॉबी अर्विन हे वृद्धवैद्य यांनी एकाच वॉर्डात एकत्र फेरी मारायला सुरुवात केली. ऑपरेशन लवकर, आणि लगेच उभं करायचं. जुने आजार म्हणजे ऑपरेशन टाळायचं कारण न मानता, ऑपरेशनबरोबरच सांभाळायची कामं मानायची. कल्पना इतकी साधी की तिला इतका वेळ का लागला, असं वाटतं.

भारतात वृद्धांसाठी स्वतंत्र विभाग १९७८ मध्ये मद्रासच्या सरकारी रुग्णालयात डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी सुरू केला. आपल्या जिल्ह्यात वेगळ्या वाटेने काम झालं. जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका केलं, त्यात अक्षरओळख नसलेल्याही होत्या. सुरुवातीचं काम बाळंतपणं, मुलं, कुष्ठरोग, क्षय यांचं. पुढे रक्तदाब आणि मधुमेहही आले. तुम्ही म्हणाल, याचा मोडलेल्या खुब्याशी काय संबंध? फार आहे. ज्याची साखर आणि रक्तदाब पडण्यापूर्वीच माहीत आहे त्याला टेबलावर घेताना डॉक्टर अंधारात नसतो. आणि लोणीला, इथून तासाभराच्या अंतरावर, १९८४ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय उघडलं. आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी. असो.

‘सहव्याधी’ या शब्दाकडे थोडं वळतो. मूळ इंग्रजी संज्ञा अ‍ॅल्वन फाइनस्टाइन या अमेरिकन डॉक्टरने १९७० मध्ये घडवली. मराठीत तो शब्द घराघरात शिरला २०२० मध्ये, करोनाच्या रोजच्या बातम्यांतून. ‘मृत व्यक्तीस सहव्याधी होत्या’ हे वाक्य आठवतं? शब्द अशा वेळी आला की त्याला निकालाचा वास लागला. सहव्याधी आहे, म्हणजे गेला तर नवल नाही. फाइनस्टाइनचा हेतू नेमका उलटा होता. दुसरे आजार हिशेबात धरले नाहीत तर उपचाराचा परिणाम कळणारच नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

आणि हिशेबात धरायचं म्हणजे काय, याची दोन उदाहरणं देतो, कारण ती घरच्यांनाही कळायला हवीत. ज्याचा वरचा रक्तदाब एरवी एकशे साठ असतो, अशा म्हाताऱ्याला अपघातानंतर एकशे पाच आला तर आपण म्हणतो, वा, तरण्यासारखा आहे! प्रत्यक्षात आत रक्त वाहत असू शकतं. त्यात बीपीच्या काही गोळ्या नाडी वाढूच देत नाहीत, म्हणजे धोक्याची दुसरी घंटाही वाजत नाही. अमेरिकेत २०२१ मध्ये सुधारलेल्या नियमांत म्हणूनच पासष्टच्या पुढच्या जखमीसाठी एकशेदहाच्या खालचा वरचा रक्तदाब धोक्याचा धरला आहे. दुसरं उदाहरण डोक्याचं. म्हातारपणी मेंदू थोडा आक्रसतो, वरच्या शिरा ताणलेल्या राहतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर किरकोळ टेंगूळही पुरतं. रक्त हळूहळू साचतं, आणि तीन आठवड्यांनी आजोबा बरळायला लागतात. घरचे म्हणतात, वयाने झालं. टेंगूळ कोणाच्या लक्षातही नसतं.

ऑपरेशन किती लवकर करायचं याचीही परीक्षा झाली आहे. सतरा देशांत, भारतातही, खुबा मोडलेल्या २९७० रुग्णांवर झालेला अभ्यास २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. एका गटात निदानानंतर सहा तासांत ऑपरेशन करण्याचा प्रयत्न, दुसऱ्यात नेहमीप्रमाणे, साधारण दिवसभराने. तीन महिन्यांत मृत्यू नऊ टक्के आणि दहा टक्के, म्हणजे फरक जवळजवळ नाही. घाईत जादू नाही, हे कबूल केलं पाहिजे. पण लवकर ऑपरेशन झालेल्यांत बुद्धिभ्रम कमी झाला आणि ते लवकर उभे राहिले. मला मात्र दुसरीच गोष्ट खुणावते. दोन्ही गटांत दहातली नऊ माणसं जिवंत होती. आणि दोन्ही गटांत ऑपरेशन दिवसाच्या आसपास होत होतं. आपल्याकडे हृदयाचा इको, मग फिटनेस, मग पैसे, मग मुंबईचा मुलगा येईपर्यंत आठवडा जातो. आणि आठवड्याने न्यूमोनिया झाला की आपण म्हणतो, बघा, झेपलं नसतंच.

तर्कशास्त्रात याला आम्ही स्वतःच स्वतःला सिद्ध करणारं विधान म्हणतो. झेपणार नाही म्हणून ठेवलं; ठेवलं म्हणून गेला; गेला म्हणून झेपणार नव्हतं. माझ्या आईचं असंच झालं की नाही, हे मला कधीच कळणार नाही.

काहींना खरंच झेपत नाही, हेही सांगतो. शेवटच्या टप्प्यातला कर्करोग, अगदी कोमेजलेला जीव, किंवा स्वतः समजून-उमजून ‘नको’ म्हणणारा माणूस. तिथे वेदना शमवणं, कुशीवर वळवणं, शेजारी बसणं, भागोजींसारखं रोजचं काम, हाच उपचार. तो ‘काही न करणं’ नव्हे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंतचं संरक्षण मिळालं आहे. चांगलं झालं. पण कार्ड पैशाचं उत्तर देतं; झेपेल का, याचं उत्तर त्या माणसाला तपासूनच द्यावं लागतं.

मला स्वतःला मधुमेह आहे, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. पाकिटात एक कागद ठेवला आहे, घडी पडून फाटायला आलाय. गोळ्यांची नावं, मात्रा, नेहमीचा रक्तदाब, शेवटची साखर. त्याखाली एक ओळ: ‘रोज सकाळी प्रवरेच्या पुलापर्यंत चालत जाऊन येतात, काठीशिवाय.’ सूनबाईंनी विचारलं, ही ओळ डॉक्टरांना कशाला? तिला कारेरीची गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी तिने तोच कागद चांगल्या अक्षरात पुन्हा लिहून दिला, आणि ‘काठीशिवाय’ खोडून ‘कधीकधी काठीने’ असं केलं. तिचं बरोबर होतं.